घाटावरचा कावळा, गच्चीवरचा परीट

आजीच्या दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडाजवळ उभे होतो. पिंड ठेवून झाला, सगळे चार पावलं मागे सरले आणि वाट बघणं सुरू झालं. नाशिककरांना ही वाट बघणं नवीन नाही. कावळा शिवेपर्यंत कुणी मोठ्याने बोलत नाही. काका हात जोडून पुटपुटत होते, "आई, घराचं सगळं नीट करू, काळजी करू नकोस." समोरच्या भिंतीवर पाच कावळे बसले होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच कावळ्यांकडे सलग वीस मिनिटं बघत होते. चौघांची मान राखाडी होती. पाचवा अंगाने थोराड, चोच जाड आणि रंग नखशिखान्त काळा. तो दोनदा पिंडाजवळ आला, मान वाकडी करून एका डोळ्याने बघितलं आणि मागे गेला. शेवटी राखाडी मानेच्या एकाने चोच मारली. काकांनी डोळे पुसले.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मी कावळ्यांबद्दल वाचत बसले. राखाडी मानेचा तो गावकावळा, पूर्ण काळा तो डोमकावळा. दोन वेगळ्या जाती, आणि मी त्यांना इतकी वर्षं एकच समजत होते. मान वाकडी करण्याचंही कारण मिळालं. बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. समोरची वस्तू बारकाईने बघायची तर मान वळवून एक डोळा तिच्यावर रोखावा लागतो. आपल्याला ते लाडिक वाटतं, पण त्या क्षणी तो पक्षी तपासणी करत असतो. आणि कावळ्याने तपासणी करावी यात नवल नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये संशोधकांनी ठरावीक मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे कलकलाट करून अंगावर यायचे. म्हणजे हा पक्षी चेहरा लक्षात ठेवतो. आमच्या पिंडाभोवती जमलेले तीस चेहरे तो आधी नजरेखालून घालत असणार.

तेव्हापासून मला पक्षी दिसायला लागले. त्याआधी डोळ्यांसमोर नव्हते असं नाही, पण दिसत नव्हते. पक्ष्याचं नाव कळलं की बरं वाटतंच. पण तो जे करतोय ते का करतोय हे कळलं की जो आनंद होतो, तो मला दुसऱ्या कशातून मिळालेला नाही. हे 'का' समजायला जंगलात जावं लागत नाही. गंगापूर रोडवरच्या दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी पुरते.

आधी ओळखण्याबद्दल. नवीन माणूस रंगाच्या मागे लागतो, आणि रंग फसवतो. उन्हाच्या विरुद्ध बाजूने सगळेच पक्षी काळे दिसतात. शिवाय अनेक पक्ष्यांत नर आणि मादी वेगळ्या रंगाचे असतात, आणि काही पक्षी तर ऋतूनुसार पिसं बदलतात. आमच्या जास्वंदीवर येणारा शिंजीर उन्हाळ्यात निळा-जांभळा चमकतो. विणीचा हंगाम सरला की तोच नर मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक गडद पट्टा उरतो. आणि ती जांभळी चमक म्हणजे जांभळा रंग नसतोच. पिसांची अतिसूक्ष्म रचनाच अशी असते की तिच्यावरून परतणाऱ्या प्रकाशातला तेवढाच भाग आपल्यापर्यंत पोहोचतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, तसाच हा प्रकार. म्हणून शिंजिराने जरा अंग वळवलं की चमक विझते आणि तो काळा दिसतो.

त्यामुळे आधी आकार बघावा. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, एवढं ठरवलं तरी निम्मं काम होतं. मग चोच. चिमणीची आखूड, जाड चोच म्हणजे दाणे फोडायचा अडकित्ता. शिंजिराची लांब वाकडी चोच फुलाच्या तळाशी पोहोचायला. खंड्याची सरळ, भाल्यासारखी. आणि मग सवय: शेपटी वर धरून पानांत टुणटुणणारा चिमणीहून लहान हिरवट पक्षी दिसला तर तो शिंपी. तो खरोखर शिवतो. पानाच्या कडेला चोचीने भोकं पाडतो, त्यांतून कापूस किंवा कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवतो आणि त्या पानाच्या खोळीत घरटं करतो. आमच्या सोसायटीत मोठ्या पानांच्या एका कुंडीत ते झालं होतं आणि रोज पाणी घालणाऱ्या माळीदादांनाही पत्ता नव्हता.

खंड्याचं आणखी एक. कॉलेज रोडच्या विजेच्या तारेवर पांढऱ्या छातीचा, तपकिरी डोक्याचा, निळ्या पाठीचा खंड्या बघून शेजारचा मुलगा मला म्हणाला, "मावशी, हा चुकलाय का? इथे नदी कुठाय?" चुकलेला नव्हता. हा खंड्या मासे खातो, पण नाकतोडे, सरडे, बेडूकही तितक्याच आवडीने खातो. मोकळं मैदान आणि बसायला उंच तार एवढं त्याला पुरतं. पुस्तकातल्या चित्रात तो नेहमी पाण्यावर असतो म्हणून आपण त्याला तारेवर शोधत नाही.

आता आवाज. मार्च उजाडला की आमच्या इमारतीच्या टाकीवर पहाटे पाचच्या आधी शीळ सुरू होते. काळा-पांढरा, शेपटी उभारलेला दयाळ. थंडीत हाच पक्षी जवळपास गप्प असतो. मग त्याला मार्च आला हे सांगतं कोण? उन्हाचा चटका नव्हे, दिवसाची लांबी सांगते. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात, आणि डोळ्यांवाटे नव्हे तर थेट कवटीतून झिरपणारा उजेड त्यांच्यापर्यंत पोहोचतो. दिवस मोठा होत चालला की त्या पेशींमुळे शरीरातली संप्रेरकं बदलतात, प्रजननाची तयारी सुरू होते आणि नराला कंठ फुटतो. मला हे वाचून काही दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. एवढ्याशा डोक्यात ऊन शिरतं आणि त्याचं गाणं होतं.

पहाटच का, याची कारणं अनेक सांगतात. हवा स्थिर असते, गोंगाट नसतो, आवाज लांब जातो. उजेड कमी असल्याने किडे शोधणं तसंही अवघड, मग तो वेळ गाण्यात घालवावा. आणि रात्र काढून, उपाशीपोटी जो नर जोरात गाऊ शकतो त्याच्या तब्येतीची ती जाहिरातच. मादीला ती ऐकू जाते आणि शेजारच्या नरालाही: ही टाकी माझी आहे. आवाज काढायचं त्यांचं यंत्रही आपल्यापेक्षा निराळं आहे. आपला स्वर गळ्यात वरच्या बाजूला तयार होतो. पक्ष्यांचा श्वासनलिकेच्या तळाशी, जिथे ती दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे. तिथल्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालवता येतात, म्हणून काही पक्षी एकाच वेळी दोन सूर काढू शकतात.

तांबटाचं मात्र वेगळं. उन्हाळ्याच्या दुपारी वडा-पिंपळातून येणारी 'टुक-टुक-टुक' ही लय म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तशी, आणि आपल्या जुन्या नाशकातल्या तांबट आळीवरून गेलेल्या माणसाला ते नाव समजावून सांगावं लागत नाही. हा पक्षी चोच मिटूनच आवाज करतो, गळ्याची पिशवी फुगते आणि डोकं एकदा इकडे एकदा तिकडे वळतं. म्हणून आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. मला तो दिसायला दोन उन्हाळे लागले. हिरवं अंग, लाल कपाळ, पिवळा गळा, आणि मुठीत मावेल एवढा.

पुन्हा कावळ्याकडे येते, कारण कोकिळाची गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाही. 'कुहू' गातो तो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज 'किक-किक-किक' असा घाईचा. कोकिळ घरटं बांधत नाही. गावकावळ्याची वीण उन्हाळ्यात सुरू होते, आणि कोकिळ नेमका त्याच दिवसांत ओरडत असतो. नर कावळ्यांच्या घरट्याजवळ जाऊन मुद्दाम गोंधळ घालतो, कावळे त्याच्या पाठी लागतात आणि तेवढ्यात मादी घरट्यात अंडं घालून निघून जाते. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान पण तसंच ठिपकेदार असतं. ते काही दिवस आधी उबतं, आणि आधी बाहेर आलेल्या पिल्लाला घास आधी मिळतो.

मला नेहमी विचारतात, एवढ्या हुशार कावळ्याला हे कळत कसं नाही? उत्तर असं की हिशेब त्याच्या बाजूनेही चालू असतो. संशयावरून अंडं फेकून दिलं आणि ते स्वतःचंच निघालं तर नुकसान मोठं. शिवाय घरट्यात तोंड उघडून ओरडणारी लाल जिवणी दिसली की भरवायचं, ही त्याची ओढ इतकी खोल आहे की हुशारी तिच्या आड येत नाही. गेल्या जूनमध्ये समोरच्या गुलमोहरावर मी एका गावकावळ्याला आपल्याच मापाच्या, काळ्या, थरथरणाऱ्या कोकिळ-पिल्लाला भरवताना बघितलं. त्याला फसलेला कावळा म्हणावंसं वाटेना. तो घास भरवत होता एवढंच मला दिसत होतं.

पावशाही याच कुळातला, आणि तो आपला डाव सातभाईंवर टाकतो. सातभाई म्हणजे ते मातकट रंगाचे, घोळक्याने जमिनीवर पाचोळा उलटत फिरणारे आणि सतत कचकच करणारे पक्षी. एका जोडीची पिल्लं वाढवायला घोळक्यातले बाकीचेही घास आणतात, असं एकत्र कुटुंब. पावशा दिसायला आणि उडायला थेट शिक्र्यासारखा, आणि शिक्रा म्हणजे लहान पक्ष्यांचा काळ. सोंगामुळे सातभाई बिथरतात आणि पावशाच्या मादीला संधी मिळते, असा अभ्यासकांचा कयास आहे. पावसाआधीच्या दिवसांत दिवसरात्र चढत्या आवाजात येणारं 'पेरते व्हा, पेरते व्हा' हे त्याचंच. शेतकऱ्याला तो पेरणीची आठवण करून देतो असं आपण मानत आलोय. तो बोलावत असतो मादीला, पण वेळ दोघांची एकच: पाऊस पडला की किडे-अळ्या भरपूर, मग पिल्लांचं पोट भरतं आणि शेतही उगवतं. तो शेतकऱ्याशी बोलत नसला तरी त्याचा अंदाज खरा असतो. आणि ज्याचं दर्शन आपण शुभ मानतो तो भारद्वाजही कोकिळांच्याच कुळातला, पण तो स्वतःचं घरटं स्वतः बांधतो आणि पिल्लं स्वतः वाढवतो.

ऑफिसात माझी जागा खिडकीजवळ आहे. साडेनऊ-दहाच्या सुमारास घारी वर चढताना दिसतात, त्याआधी क्वचित. ऊन पडलं की डांबर, पत्रे, गच्च्या तापतात. त्यांच्यावरची हवा गरम होऊन हलकी होते आणि खांबासारखी वर जाते. घार त्या खांबात शिरते, पंख पसरते आणि न फडफडता वर जाते. गोल गोल का फिरते? कारण तो खांब फार रुंद नसतो. सरळ गेली तर ती बाहेर पडेल. आपण गोल जिन्याने चढतो तशीच ती चढते, फक्त पायऱ्या उन्हाने बांधलेल्या असतात. अंजनेरीच्या कड्यांवरची गिधाडंही याच उबेवर उठतात. वजनदार पक्ष्याला पंख मारत उडणं फार महाग पडतं. त्यामुळे गिधाडं आकाशात बघायची असतील तर तिथे पहाटे जाऊन उपयोग नाही, ऊन जरा तापू द्यावं.

पाणकावळ्याचं कोडं मला गोदापार्कवर चालताना सुटलं. तो काठावरच्या वाळक्या फांदीवर पंख पसरून उभा असतो, कपडे वाळत घालावेत तसा. बदकं असं करत नाहीत. बदक शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावतं आणि पाणी निथळून जातं. पाणकावळ्याची पिसं बाहेरून भिजतात. हे उणं वाटतं, पण भिजल्यानेच तो पाण्यावर कमी तरंगतो आणि माशामागे सहज बुडी मारू शकतो. त्या बुडीची किंमत म्हणून नंतर उन्हात उभं राहायचं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो, परीट. काही जण धोबी म्हणतात. चिमणीपेक्षा लांबट, पांढरा-करडा-काळा, जमिनीवर टुण टुण न उडता भराभर चालणारा आणि सारखी शेपटी खालीवर हलवणारा. नदीकाठी धुणं आपटावं तशी ती शेपटी, म्हणून हे नाव. मे महिन्यात तो इथे नसतो. सप्टेंबर संपता-संपता किंवा ऑक्टोबरात एक दिवस आमच्या गच्चीवर 'चिसिक' असा आवाज येतो आणि तो पाण्याच्या टाकीखालच्या ओलीत किडे टिपत असतो. वजन साधारण २० ग्रॅम.  आणि तो आलेला असतो हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून, मध्य आशियातून, सायबेरियातून.

थंडी सोसत नाही म्हणून तो येतो, असं आपण म्हणतो. खरं कारण पोटाचं. बर्फ पडलं की जमिनीवरचे किडे संपतात. पण मग परत जातोच कशाला, इथेच का राहत नाही? कारण उत्तरेत उन्हाळ्याचे दिवस फार लांब असतात. किड्यांचा पूर येतो आणि पिल्लांना भरवायला इथल्यापेक्षा कितीतरी जास्त तास उजेड मिळतो. संसार तिकडे, पोट इकडे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना दिशा कळते ती सूर्यावरून, ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून. पिंजऱ्यात ठेवलेले असे पक्षीसुद्धा निघायची वेळ आली की रात्री अस्वस्थ होतात आणि ज्या दिशेला जायचं त्याच बाजूला फडफडत राहतात.

भोरड्या तर याहून आधी येतात, भर पावसाळ्यात. काळं डोकं, गुलाबी अंग, पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या साळुंकीच्या बहिणी. संध्याकाळी झोपायच्या झाडांवर उतरण्याआधी त्यांचे थवे आकाशात वळतात, पसरतात, आवळतात. त्यांच्या युरोपातल्या भाऊबंदांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो, आणि तेवढ्यावर हजारोंचा थवा एका अंगाने वळतो. अशा गर्दीत शिकारी पक्ष्याला एकावर नजर ठरवणं कठीण जातं. पिंपळगाव-निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला हे थवे सुंदर वाटणार नाहीत, आणि त्याचं चूक नाही. जानेवारीपासून घड भरायला लागले की भोरड्या, साळुंक्या, बुलबुल यांच्यापासून माल वाचवायला जाळी लावावी लागते आणि तो खर्च खरा आहे. पण याच भोरड्या आपल्या मूळ मुलुखात टोळ फस्त करतात, आणि इथेही नाकतोडे-अळ्या खातात.

निफाड तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर आहे, नाशिकपासून साधारण ४० किलोमीटर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला. नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला. धरणाच्या दृष्टीने गाळ वाईट, पण त्यानेच उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या आणि लांब पायांच्या, चपट्या चोचीच्या सगळ्यांची सोय झाली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक बघायला मिळतात. जरूर जावं. पण आधी दोन-चार महिने गॅलरीतले पक्षी बघून जावं. नजर बसलेली असली की तिथली गर्दी गोंधळात टाकत नाही.

दुर्बीण घ्यायचीच असेल तर ८×४२ घ्यावी. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये; भिंग मोठं तितका उजेड जास्त. बारापट घेतली तर हाताच्या थरथरीसकट चित्र मोठं होतं. आवाज ओळखायला फोनवर मर्लिन हे ॲप चांगलं आहे, मात्र त्याने सांगितलेलं नाव डोळ्यांनी पडताळून घ्यावं. आणि घरटं दिसलं तर लांब राहावं. आपण वारंवार जवळ गेलो की कावळ्याला आणि मांजरालाही ते सापडतं.

चिमणीबद्दल नाशिककर म्हणून बोलावंच लागेल. आपल्या गावच्या मोहम्मद दिलावर यांनी नेचर फॉरेव्हर सोसायटी सुरू केली आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जाऊ लागला. चिमण्या कमी झाल्या यामागे घरांचा हात मोठा. पंचवटीतल्या आजोळच्या वाड्यात तुळईच्या खाचेत, कौलाखाली, तसबिरीच्या मागे घरटी असायची. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत चिमणीला शिरायला जागाच नाही. लाकडी पेटीला सव्वा इंचाचं भोक ठेवलं तर चिमणी आत जाते, साळुंकी जाऊ शकत नाही. पेटी उंचावर, सावलीत आणि पंख्यापासून दूर हवी. तांदूळ टाकून मोठ्या चिमण्यांचं भागतं, पण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात. म्हणून दाण्याच्या वाटीइतकीच गरज औषध न फवारलेल्या झुडपांची असते. आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर अळ्या पडल्या की आई आता हात लावू देत नाही.

आईचंच सांगते. तिला दुर्बीण डोळ्याला लावायला आवडत नाही. पण स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दूध आणि सिलिंडरच्या नोंदींच्या मध्ये, मी तीन वर्षांपूर्वी परीट आल्याची तारीख लिहिली, ती तिने वाचली होती. गेल्या वर्षी ऑफिसातून आले तर २८ सप्टेंबरच्या चौकोनात तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'सिलिंडर लावला. परीट आला, सकाळी सात, एकटाच.' दोन दिवसांनी त्याखाली आणखी एक ओळ आली: 'दुसराही आला.'